सहा तारा आणि पत्र्याची खोली

गिटार हे वाद्य मराठवाड्यातल्या खेड्याला परके आहे, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की मंडपात वीणा उभी राहते, आणि सप्ताह उठेपर्यंत ती खाली ठेवायची नसते. पहारे वाटून घेतलेले असतात. एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, त्याच्याकडून तिसऱ्याच्या, आणि रात्री दोन वाजताही कुणीतरी डुलकी आवरत, तारा छेडत उभा असतो. लग्नानंतर घरी गोंधळ घातला जातो, तेव्हा संबळाच्या मागे तुणतुणे असते. वरातीत जो ‘बेंजो’ वाजतो, तोही तारांचाच. फक्त त्या तारा टाइपरायटरसारख्या कळांनी दाबल्या जातात. हे वाद्य मूळचे जपानचे. तिथे त्याला ताइशोगोतो म्हणतात, ते गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नागोया शहरात तयार झाले, आणि आपल्याकडे येऊन ‘बुलबुलतरंग’ या गोड नावाने रुळले. म्हणजे केज किंवा धारूरकडच्या चौथीतल्या पोराने तारेतून आवाज निघताना पाहिलेला असतो, जवळून पाहिलेला असतो. त्याने पाहिलेली नसते ती एक गोष्ट: चार माणसे खुर्च्यांवर बसून, काहीही न गाता, न नाचता, देवाचे नाव न घेता, फक्त तारा वाजवतात आणि समोरच्याने गप्प बसून ते ऐकायचे असते.

हा लेख त्या ऐकण्याविषयी आहे. समजा, या जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चार गिटारवादकांचा संच आला. असे कार्यक्रम देशात अनेक ठिकाणी होतात. ते पार पडतात, फोटो निघतात, नारळ आणि शाल होते. त्या तासाभरात मुलांच्या कानांशी नेमके काय घडते आणि काय घडायचे राहून जाते, हे मात्र क्वचित कुणी विचारते. ते समजायचे तर सुरुवात तुणतुण्यापासून करावी लागते.

तुणतुणे हे जगातल्या सर्वांत प्रामाणिक वाद्यांपैकी एक आहे. लाकडाचे पोकळ नळकांडे, त्याच्या एका तोंडाला चामडे, चामड्यातून निघालेली एकच तार, आणि बाजूच्या काठीवर बसवलेली खुंटी. खुंटी पिळली की तार ताणते, आवाज चढतो. सैल केली की उतरतो. तार स्वतः फार कमी हवा हलवते, म्हणून तिचा थरथराट चामड्याला द्यायचा आणि चामड्याने तो पोकळीतल्या हवेला द्यायचा. गिटारीत याहून वेगळे काहीच नाही. चामड्याऐवजी पातळ लाकडाची तबली आहे, नळकांड्याऐवजी कमरेत बारीक झालेली पेटी आहे, एका तारेऐवजी सहा आहेत. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराने (१८१७–१८९२) तबलीच्या आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या बसवल्या, पेटी मोठी केली आणि तारेची लांबी सुमारे ६५० मिलिमीटरवर स्थिर केली. आजची शास्त्रीय गिटार बहुतांशी त्याच मापावर बनते. त्या काळी तारा आतड्याच्या असत. नायलॉनच्या आल्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास.

तुणतुण्यात नाही आणि गिटारीत आहे अशी खरी गोष्ट म्हणजे दांडीवरचे पडदे. तुणतुण्याची तार एकच सूर देते, म्हणून तर मराठीत ‘तेच तुणतुणे वाजवू नको’ असे म्हणतात. गिटारीवर बोट पडद्यामागे दाबले की तार तेवढी आखूड होते आणि सूर चढतो. पडदे कुठे बसवायचे, याचा नियम अगदी साधा आहे. ६५० मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा वरच्या टोकापासून साधारण साडेछत्तीस मिलिमीटरवर येतो. मग उरलेल्या लांबीचा पुन्हा तेवढाच हिस्सा, पुन्हा उरलेल्याचा तेवढाच. दर वेळी लांबीला १.०५९५ या एकाच संख्येने भागायचे. बाराव्यांदा भागले की तार बरोबर निम्मी होते, सूर दुप्पट कंपनांचा होतो, म्हणजे मधल्या सप्तकाचा षड्ज तार सप्तकात जातो. सातवीच्या वर्गात फूटपट्टी घेऊन हे मोजता येते, आणि मोजावेच. गणिताच्या तासाला इतका कानाला ऐकू येणारा पुरावा दुसरा मिळणार नाही.

पण या सुबक भागाकारात एक तडजोड दडलेली आहे, आणि आपल्या संगीताच्या दृष्टीने ती लहान नाही. तंबोऱ्याचा खर्ज नीट जवारीत लावला की षड्जाच्या पोटातून आपोआप गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्ज २२० कंपनांचा धरला तर हा गंधार २७५ कंपनांचा असतो, अगदी पाचास चार या प्रमाणात. गिटारीच्या चौथ्या पडद्यावरचा गंधार मात्र २७७ च्या थोडा वर निघतो. फरक सेकंदाला दोन कंपनांचा. दोन्ही एकाच वेळी वाजवले तर आवाज सेकंदाला दोनदा हेलकावा खातो. पंचमात अशी तफावत जवळजवळ नाही. गंधार-धैवतात ती चांगलीच आहे. पाश्चात्त्यांनी ही तडजोड जाणून स्वीकारली, कारण त्यांना कुठल्याही सुराला षड्ज मानून वाजवता यायला हवे होते, आणि एकाच वेळी अनेक सूर एकमेकांवर रचायचे होते.

आपल्याकडे हेच भांडण पेटीवरून झाले. हार्मोनियमचे सूरही असेच समान अंतराने कापलेले असतात, आणि तिला मींड काढता येत नाही. या कारणांसाठी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तीन दशके आकाशवाणीवर जे वाद्य निषिद्ध होते, तेच त्या काळात गावोगावच्या भजनी मंडळांत आणि शाळांच्या परिपाठात सुखाने वाजत होते. नभोवाणीच्या अधिकाऱ्यांचा कान आणि गावाचा कान यांत केवढे अंतर असते, त्याचे हे उदाहरण. मला यातून जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती वेगळीच आहे. बीडच्या शाळेतल्या मुलाला गिटारीचा गंधार खटकणार नाही. पेटीवर प्रार्थना म्हणत त्याचा कान त्याच सुरांवर घडलेला आहे. ‘ही पाश्चात्त्य वाद्ये आपल्या मुलांना कशी समजणार’ हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी शाळेच्या कपाटातली पेटी उघडून बघावी.

ज्यांना ही तडजोड मान्य नव्हती, त्यांनी गिटारीचे पडदेच निकामी केले. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी तुकडा सरकवायला सुरुवात केली. सूर घसरत जाऊ लागले. ही ‘हवाईयन गिटार’ फिरत्या संचांबरोबर आशियाभर गेली. टाउ मो हा हवाईयन वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवत आणि शिकवत होता. मींड हा आपल्या गाण्याचा प्राण. त्यामुळे हे वाद्य आपल्याला परके वाटलेच नाही. व्हॅन शिपली आणि सुनील गांगुली यांनी त्यावर चित्रपटगीते घराघरांत नेली. जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांनी अली अकबर खाँसाहेबांकडे शिकून त्यावर राग उभा केला. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका मेंढपाळाचा एक दिवस रागांतून सांगते, आणि संतूर-बासरीइतकीच ती गिटारीची आहे. पुढे विश्वमोहन भट्टांनी गिटारीला जादा तारा जोडून मोहनवीणा केली. १९९४ साली त्यांना राय कूडर यांच्यासोबत ग्रॅमी पुरस्कार मिळाला. शास्त्रीय बैठकीपुरते बोलायचे तर भारताने गिटार उभी धरून नाही, आडवी निजवून आपलीशी केली.

आता त्या शाळेकडे परत येऊ. चारच गिटारी का, आणि एक का नाही, याचे पहिले उत्तर सगळ्यांना सुचते: आवाज मोठा यावा म्हणून. ते फारसे बरोबर नाही. चार गिटारींनी आवाज चौपट ऐकू येत नाही. ध्वनी मोजायच्या पट्टीवर एकाच्या चार केल्या तर सहा डेसिबलची भर पडते. आणि मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज बरोबर तेवढाच, सहा डेसिबलने घटतो. म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या मुलाला चार गिटारी जेवढ्या ऐकू येतील, तेवढी एक गिटार पाच मीटरवरच्या मुलाला ऐकू येते. पटांगणात तीनशे मुले बसवली, शेवटची रांग वीस-पंचवीस मीटरवर गेली, आणि शेजारच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर निघाला, की चाराच्या आठ केल्या तरी उपयोग नाही. हलगी आणि संबळ मोकळ्यावर वाजण्यासाठीच घडलेली वाद्ये आहेत. गिटार खोलीसाठी घडलेली आहे.

मग मुख्याध्यापक स्वाभाविकपणे भोंगा लावतात. आपल्याकडे शाळेच्या छपरावर किंवा झाडाला टांगलेला कर्णा असतो, तो भाषणासाठी उत्तम, कारण माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता वरच्या सुरांत असते. पण साधारण तीनशे-चारशे कंपनांच्या खालचे काही त्यातून धड येत नाही. गिटारीच्या सहा सुट्या तारा अनुक्रमे ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० कंपनांच्या असतात. म्हणजे जवळपास सगळ्याच सुट्या तारांचा मूळ सूर कर्णा गिळून टाकतो. गंमत अशी की मुलांना तरीही सूर ओळखू येतो. तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुपटी-तिपटीचे उपसूरही निघत असतात. कान ते ऐकतो आणि खालचा हरवलेला सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. तेवढ्याने चाल कळते. पण लाकडाचा आवाज, खर्जाची ऊब, नखाने आणि बोटाच्या मांसल भागाने छेडण्यातला फरक, हे सारे जाते. ज्यासाठी माणसे इतक्या लांबून आली, नेमके तेच कर्ण्यात अडकते. त्यापेक्षा कर्णा बंद ठेवावा, मुलांच्या चार तुकड्या कराव्यात, आणि एका वर्गखोलीत सत्तर-ऐंशी मुले वादकांभोवती गोल बसवून चार वेळा वाजवावे. भिंती आवाज परत पाठवतात. पत्र्याची खोली तर जरा जास्तच पाठवते. वादक दमतील, हे खरे. त्याला इलाज नाही.

चार गिटारींचे खरे कारण दुसरे आहे. गिटारीचा सूर जन्मतःच मरू लागतो. छेडल्यानंतर तो सनईसारखा धरून ठेवता येत नाही. एकटा वादक एका हाताच्या बोटांनी खर्ज, मधले सूर आणि चाल तिन्ही सांभाळतो, तेव्हा कुठेतरी काहीतरी सुटतेच. चौघांत ते वाटून घेता येते: एक खर्ज चालवतो, दोघे मधली वीण विणतात, चौथा चालीला मोकळा असतो. सूर विझायच्या आत दुसऱ्याने तो उचलायचा. स्पेनमधून अमेरिकेत गेलेल्या रोमेरो कुटुंबाने, बाप आणि तीन मुलांनी, १९६० पासून असे चार गिटारींचे वादन जगभर लोकप्रिय केले. जपानमध्ये हिरोकी निइबोरी यांनी आणखी पुढे जाऊन लहान-मोठ्या मापांच्या गिटारी बनवल्या आणि त्यांचे मोठे वृंद उभे केले, व्हायोलिन-चेल्लोच्या कुटुंबासारखे.

यात मुलांनी पाहण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती कानांची नसून डोळ्यांची आहे. या संचाला हात हलवणारा संचालक नसतो. मग चौघे एकदम सुरुवात कशी करतात? नीट पाहिले तर दिसते की एकजण श्वास आत घेतो, मान किंचित उचलतो, आणि त्या श्वासाच्या शेवटी चारही हात तारांवर पडतात. लेझीम खेळलेल्या मुलाला हे पटकन कळते. हलगीवाल्याने चाल बदलायच्या आधी तो कसा पाहतो, हे त्याने अनुभवलेले असते. भजनात टाळकरी पखवाजाकडे पाहून दुगणीत जातात, तेही हेच. ‘आता आम्ही पुन्हा सुरू करू, कोण इशारा करतो ते ओळखा’ एवढे वादकांनी सांगितले तरी सगळी खोली टक लावून पाहू लागते. संगीत समजावून सांगण्याच्या लांबलचक निवेदनापेक्षा हे शतपटीने बरे. निवेदकांविषयी न बोललेलेच चांगले.

चार गिटारींसाठी लिहिलेल्या रचनांत एक अशी आहे, जी या जिल्ह्यात वाजावी असे मला फार वाटते. क्यूबाचे लेओ ब्रूवर यांनी १९८४ साली लिहिलेली ती रचना. तिच्या नावाचा अर्थ ‘पावसातले क्यूबन निसर्गदृश्य’. सुरुवातीला चारही वाद्यांतून सुटे, तुरळक सूर पडतात. कुठला थेंब कुठून आला ते कळत नाही. हळूहळू ते दाटतात, एकमेकांत मिसळतात, आणि सर कोसळते. मग पुन्हा थेंब. यात चाल अशी नाही, ताल टाळीने मोजण्यासारखा नाही, गुणगुणता येईल असे काही नाही. तरी ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. अवर्षणाच्या टापूतल्या मुलाला पाऊस येणे आणि पाऊस येता येता थांबणे यांतला फरक कुणी शिकवायला नको. नव्या, अमूर्त संगीतासाठी श्रोता तयार नाही ही तक्रार शहरात नेहमी ऐकू येते. या रचनेपुरती तरी मला ती मान्य नाही.

मुलांसमोर मुद्दाम वाजवायचे, ही कल्पना तशी नवीच. पूर्वी मूल संगीत ऐके ते मोठ्यांच्या कार्यक्रमात, आईच्या मांडीवर किंवा मंडपाच्या खांबाआड. आपल्याकडे संगीत शाळेत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न बडोद्याचा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून दत्तक गेलेल्या सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा काढली. मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार करून क्रमिक पुस्तके लिहिली. उस्तादाच्या घरी पाणी भरून मिळणारी विद्या फळा आणि खडूवर आली. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्याचीही दिशा तीच. पण हे सारे शिकण्याविषयी होते. केवळ ऐकण्यासाठी, मुलांसाठी म्हणून मैफल हा प्रकार युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकात रुजला. १९३६ साली मॉस्कोत नतालिया सात्स यांच्या बालरंगभूमीसाठी प्रोकोफिएव्हने ‘पीटर आणि लांडगा’ लिहिले. त्यात पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, लांडग्याला तीन हॉर्न अशी वाद्ये वाटून दिली आहेत, त्यामुळे मूल गोष्ट ऐकता ऐकता वाद्ये ओळखू लागते. १९५८ च्या जानेवारीत लेनर्ड बर्नस्टाइन यांनी न्यूयॉर्कला मुलांसाठी सुरू केलेल्या मैफली दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचल्या. पहिल्याच मैफलीचा विषय होता ‘संगीताचा अर्थ काय?’ आणि त्यांचे उत्तर होते की संगीतात गोष्ट नसते, सूरच असतात. प्रोकोफिएव्हच्या बरोबर उलटे. दोघेही यशस्वी झाले, यावरून मुले आपल्या सिद्धान्तांना किती किंमत देतात ते दिसते.

भारतात हे काम १९७७ पासून स्पिक मॅके करते. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक किरण सेठ अमेरिकेत शिकत असताना डागरांचे ध्रुपद ऐकून आले आणि त्यांनी ठरवले की मोठ्यातल्या मोठ्या कलावंताने शाळा-महाविद्यालयात जाऊन, विद्यार्थ्यांसमोर जमिनीवर बसून वाजवायचे. गाणे आणि बोलणे दोन्ही. वयाच्या सत्तरीनंतर, २०२२ मध्ये, ते याच कामासाठी सायकलवर काश्मीरहून कन्याकुमारीकडे निघाले. या चळवळीचे मला सर्वांत मोठे वाटणारे तत्त्व म्हणजे मुलांसाठी सोपे करून वाजवायचे नाही. बालगीतांचा हप्ता मुलांना मिळतोच; खरा मालकंस मिळत नाही.

महाराष्ट्रात मात्र आपण ऐकण्यापेक्षा गाण्यावर भर दिला, आणि त्यामागे वसंत देसाई (१९१२–१९७५) होते. ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमात त्यांनी हजारो शाळकरी मुलांना मैदानावर एकत्र गायला लावले. चित्रपटात रमलेला संगीतकार धुळीच्या मैदानात मुलांची तालीम घेत उभा राहतो, हे चित्र आज नवलाचे वाटते. १९७१ च्या ‘गुड्डी’ चित्रपटासाठी त्यांनी बांधलेली शाळेची प्रार्थना आज पडद्यावरून उतरून खऱ्या शाळांच्या परिपाठात जाऊन बसली आहे. ती बांधणारा कोण होता, हे म्हणणाऱ्या मुलांना ठाऊक नसते, आणि सांगणाऱ्या गुरुजींनाही बहुधा नसते. चार गिटारींचा संच शाळेत येणार असेल तर त्याने ही प्रार्थना बसवून यावी. मुले रोज गातात ते चार भागांत उलगडून दाखवावे: ही तुमची चाल, हा तिच्याखालचा खर्ज, हे मधले सूर. ओळखीची वस्तू आतून कशी दिसते, हे पाहण्यासारखा आनंद नाही.

आणखी दोन उदाहरणे सांगायलाच हवीत, कारण त्यांनी पुढे काय होऊ शकते ते दाखवले. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या गावच्या शाळांत ‘मेस्त्री’ मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. हेतू चर्चमधल्या गायनाचा होता. निष्पन्न काय झाले, तर मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद. कागदावरचे सूर वाचून वाजवणारी माणसे बोलपटांना हवी होती, आणि ती गोव्याच्या खेड्यांतून आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांचे शिष्य. दुसरे उदाहरण मैहरचे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना गोळा करून अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी ‘नलतरंग’ बनवला. तो बँड आजही आहे. या दोन्ही ठिकाणी मुले श्रोते नव्हती. त्यांच्या हातात वाद्य होते, आणि रोज होते.

इथे बीडच्या शाळेची गोष्ट अवघड होते. शिक्षणहक्क कायद्यात (२००९) सहावी ते आठवीच्या शाळेत पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत अशी तरतूद आहे. ‘कला’ या एका शब्दात चित्रही आले, गाणेही आले, नाचही. व्यवहारात कलेचा माणूस म्हणजे चित्रकलेचा माणूस. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा शाळेत होतात, त्यांची तयारी शाळेत होते. संगीताच्या परीक्षेचेही दहावीला सवलतीचे गुण मिळू शकतात, पण त्यासाठी ज्या शिकवणीला जावे लागते ती तालुक्याच्या गावी असते. २०२३ पासून राज्यगीत शाळांतून वाजते, ते बहुतेक ठिकाणी मोबाइलला जोडलेल्या ध्वनिवर्धकातून. पेटी कपाटात असते, आणि ती वाजवणारे गुरुजी निवृत्त झाले की भात्याला कसर लागते.

आणि त्याहून मोठी अडचण दिनदर्शिकेची आहे. बाहेरच्या कलावंतांचे शाळांमधले कार्यक्रम, स्नेहसंमेलने, महोत्सव हे सारे डिसेंबर-जानेवारीच्या गुलाबी थंडीत होतात. वादकांना प्रवास सोयीचा, शाळेत परीक्षांची घाई नाही, मैदान कोरडे. बीड हा ऊसतोडणी कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर कोयत्याच्या जोड्या कारखान्यांकडे निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. आजी-आजोबा सांभाळायला असले तर मूल गावात राहते, किंवा हंगामी वसतिगृहात. अलीकडे संत भगवानबाबा यांच्या नावाने शासनाने वसतिगृहांची योजनाही काढली आहे. ज्यांना यांपैकी काहीच नाही, ती मुले बैलगाडीत बसून फडावर जातात. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या बाजूच्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळेत जानेवारीत गिटारी वाजल्या, तर ज्यांनी त्या कधीच ऐकल्या नाहीत नेमकी तीच मुले त्या दिवशी वाढे गोळा करत असतात. ‘ग्रामीण भागातील वंचित मुलांसाठी’ असा फलक मंचामागे असतो, आणि त्यातली सर्वांत वंचित मुले पटावर असतात, वर्गात नसतात. यात कुणाची लबाडी नाही. कार्यक्रम ठरवणाऱ्याच्या कॅलेंडरात गाळपाचा हंगाम छापलेला नसतो, इतकेच.

तेव्हा हे कार्यक्रम जुलै-ऑगस्टमध्ये व्हावेत, असे माझे म्हणणे आहे. तेव्हा सारी मुले गावात असतात. अडचणी आहेत. दमट हवेत लाकूड फुगते, तारा घडोघडी उतरतात, लाल मातीच्या नाही पण काळ्या मातीच्या चिखलात गाड्या रुततात. विजेचा भरवसा नसतो. पण कर्णा बंदच ठेवायचा असेल तर विजेची गरज नाही. आणि एकदा येऊन भागणार नाही. त्याच संचाने, त्याच शाळेत, दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा यावे. पहिल्या खेपेला मूल वाद्य पाहते. ऐकायला ते दुसऱ्या खेपेला लागते. सप्ताहातली वीणा त्याला कळते ती दरवर्षी येते म्हणून.

एक जुनी आठवण या जिल्ह्याचीच आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणासारखा अवघड विषय भल्या लांबरुंद पासोडीवर लिहून काढला. तो मजकूर आणि त्यातल्या आकृत्या कापडावर अजून पाहायला मिळतात. ग्रंथ मांडीवर ठेवून एकाने वाचायचा असतो. पासोडी पसरली की भोवती दहाजण बसू शकतात.

जाताना वादकांनी एक गिटार शाळेत ठेवून जावी, असे कुणी सुचवेल. ठेवावी, पण तारांचे दोन जादा संच आणि त्या बदलायला शिकलेली आठवीतली तीन-चार मुले यांसह. तार तुटलेली गिटार पेटीशेजारी कपाटात जायला महिना पुरतो. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून तार छेडली की घंटीसारखा सूर निघतो. तो काढायला दोन मिनिटांत येतो आणि त्यासाठी बोटांना घट्टे पडावे लागत नाहीत. सुरुवात तिथून करता येईल. जुलैच्या दुपारी सर आली आणि पत्रा वाजू लागला, तर मात्र ब्रूवरची रचना अर्ध्यावर थांबवावी लागेल. पत्र्यावरच्या पावसापुढे चार गिटारींचे काही चालत नाही.